बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयांस खुले पत्र: घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती थोडा इतिहास द्यावा

प्रति,
बडोद्यातील वस्तुसंग्रहालयांचे संचालक, अधीक्षक व विश्वस्त,
तसेच महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या संग्रहालयशास्त्र विभागातील प्राध्यापक मंडळी यांस,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

मी दोन मुलांची आई आहे. थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा आठ वर्षांचा, आणि दोघेही शाळेत न जाता घरी शिकतात. आमच्यासारखी आठ-नऊ कुटुंबे शहरात एकमेकांना ओळखतात, आणि त्यांतली निम्मी मराठी आहेत. माझे मागणे आधीच सांगून टाकते. वर्षातून काही ठरावीक दिवशी, शाळांच्या सहलींची गर्दी नसताना, या मुलांना जुन्या काळचे एखादे काम स्वतःच्या हाताने, घाई न करता, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून करून पाहता यावे, असा इतिहासाचा उपक्रम आपल्या आवारात सुरू व्हावा.

हे मागणे नेमके बडोद्यात करताना थोडा संकोच वाटतो, हे कबूल केले पाहिजे. ज्या संस्थानाने १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या राज्याला लागू केला, त्याच्या राजधानीत शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी सोय मागणे हा उद्धटपणा वाटू शकेल. परंतु याच बडोद्याची दुसरी गोष्टही आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा गोपाळराव येथे आला, तेव्हा त्याला अक्षरओळखसुद्धा जेमतेमच होती. पुढे एलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण राजवाड्याच्या आश्रयाने झाले, आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याधिकार हाती घेणारे सयाजीराव महाराज त्यातून तयार झाले. आज महाराजा फतेहसिंह संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती इमारत तर मुळात राजपुत्रांच्या शाळेसाठीच बांधलेली होती. आमची मुले राजपुत्र नाहीत आणि आम्ही कोणी एलियट नाही. फक्त, घराजवळ आणि थोड्या मुलांत होणारे शिक्षण या शहराला अगदीच अनोळखी नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात संपवते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयी आहे, आणि घरी दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा त्यात वेगळा विचार केलेला नाही. आमच्यातली बहुतेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देतात. हा निर्णय बरोबर की चूक, याचा निवाडा आपल्याकडे मागण्याचे कारण नाही. संग्रहालय हे सार्वजनिक ठिकाण आहे, आणि तिकीट काढून आत येणाऱ्या मुलाला तेथे त्याची हजेरीपटावरची जागा विचारली जाऊ नये, इतकीच अपेक्षा आहे.

ती विचारली जाते, हा अनुभव मात्र आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच कुटुंबे मिळून परगावच्या एका संग्रहालयात गेलो होतो. गावाचे नाव येथे लिहीत नाही. गटासाठी सवलत आणि माहिती सांगणारा माणूस मिळावा म्हणून अर्ज भरायचा होता, आणि अर्जात शाळेचे नाव, इयत्ता व मुख्याध्यापकांचा शिक्का असे तीन रकाने होते. खिडकीमागचे गृहस्थ स्वभावाने भले होते, ते म्हणाले, “बाई, रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जात नाही.” शेवटी आम्ही साधी तिकिटे काढून आत गेलो. तेथे एका काचपेटीत पितळी दौत ठेवलेली होती आणि खाली लिहिले होते: दौत, पितळ, एकोणिसावे शतक. माझ्या मुलाने विचारले, हिला कडी कशाला आहे? दालनात सांगायला कोणी नव्हते. कारकून ती कमरेला किंवा कलमदानाला अडकवून नेत असावा, असे मी अंदाजाने सांगितले, आणि त्याने मान हलवली; पण दौत हातात धरून, कडीत दोरी ओवून, शाई न सांडता चार पावले चालायला मिळाले असते तर त्याला मला विचारावेच लागले नसते.

उलट अनुभव आमच्या घरातला आहे. माझ्या आजेसासूबाईंचे जाते अनेक वर्षे माळ्यावर पालथे पडून होते. मागच्या वर्षी ते खाली उतरवले, पाथरवट शोधून जात्याला टाकी लावून घेतली, म्हणजे दगडाचे गुळगुळीत झालेले तोंड पुन्हा खडबडीत करून घेतले, मधला खिळा बसवला, नवा खुंटा ठोकला आणि मुलांना ज्वारी दिली. पहिल्या पाच मिनिटांत दोघांनाही मोठी मौज वाटली. दहाव्या मिनिटाला खांदे दुखू लागले. वैरण, म्हणजे एका वेळी घालायचे मूठभर धान्य, जास्त घातली की भरड पडते आणि कमी घातली की दगडावर दगड घासतो, हे त्यांना कोणी शिकवले नाही. ते हाताला आपोआप कळले. तासाभरात एका भाकरीपुरते पीठ निघाले. मग थोरलीने हिशोब मांडला: घरात आठ माणसे, माणशी दोन भाकरी, दोन्ही वेळा, म्हणजे हे काम रोज किती तास चालत असेल, आणि ते करणारी बाई शाळेत कधी जाणार? स्त्रीशिक्षणावरचे जे प्रकरण मी तिला पुस्तकातून दोनदा वाचून दाखवले होते, ते तिला त्या दिवशी पिठाने भरलेल्या हातांनी समजले. दोघे सारख्या लयीत ओढायला लागले तेव्हा धाकटा आपोआप काहीतरी गुणगुणू लागला, आणि ओवी जात्यावर का जन्मली हेही मग मला समजावून सांगावे लागले नाही.

जगात अशा शिक्षणासाठी वेगळी संग्रहालयेच आहेत. स्टॉकहोममध्ये आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्कान्सेन उघडले. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे उचलून तेथे आणून उभी केली आणि त्यांत माणसे कामे करताना दाखवली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४६ पासून लोकांना खुले असलेले ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले खेडे चालवून दाखवते: चुलीवर स्वयंपाक होतो, लोहार भाता चालवतो, कुंभार चाक फिरवतो. तेथे घरी शिकणाऱ्या मुलांसाठी खास दिवस राखून ठेवतात, कारण त्या देशातल्या पन्नासही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर आहे आणि संग्रहालयांना ती मुले मोकळ्या दिवसांचे प्रेक्षक म्हणून हवीच असतात. आपल्याकडे भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, जेथे ज्या समाजांची घरे आहेत त्यांच्याच माणसांनी येऊन ती बांधली. चेन्नईजवळचे दक्षिणचित्र १९९६ पासून दक्षिणेतली जुनी घरे आणि कारागीर एकत्र दाखवत आहे. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर बारा बलुतेदारांचे गाव पुतळ्यांतून उभे केलेले आपणही पाहिले असेल. मुले तेथे रमतात, हे खरे, पण तिथला सुतार वर्षानुवर्षे रंधा उचलून तसाच थांबलेला आहे.

बडोद्याला असे नवे गाव उभारण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे सगळे आहे, फक्त विखुरलेले आहे. कमाटीबागेतले संग्रहालय १८९४ सालच्या इमारतीत आहे. तेथे येणारी मुले ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहतात आणि उरलेली दालने धावत पार करून बागेत पळतात, ही तक्रार आपलीच असेल. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रे आहेत. प्रतापनगरला रेल्वेचा वारसा जपलेला आहे. १८९० साली प्रा. गज्जरांच्या पुढाकाराने निघालेल्या कलाभवनात रंगकाम, विणकाम, सुतारकाम देशी भाषेत शिकवले जाई, तेव्हा हाताने शिकणे हे काही या शहराने परक्यांकडून घ्यायचे नाही.

पहिला आक्षेप जतनाचा येईल, आणि तो रास्त आहे. मुलांच्या हातांचा घाम धातूला खातो, कापड दोन-चार वेळा उलगडले तरी घडीवर फाटते, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या सावधपणावर मी स्वतःसुद्धा विश्वास ठेवत नाही. म्हणूनच मी काचपेटी उघडण्याची विनंती करत नाही. नोंदवहीतल्या वस्तू नोंदवहीतच राहाव्यात; हाताळण्यासाठी वेगळा संग्रह असावा, जो झिजला किंवा फुटला तरी दुःख होणार नाही. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, रवी, शेर-पायलीची मापे, पानपुडा, अडकित्ता, कंदील, समई, बोरू, धूळपाटी या वस्तू शहरातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही आहेत, आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत त्यांतल्या काही भंगारात जातात. आपण एक पत्रक काढले तर त्या आपल्या दारात आणून देणारी घरे निघतील, याबद्दल मला शंका नाही.

मौल्यवान वस्तूंच्या बाबतीतही हाताला काम देता येते. अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती हे आपल्या संग्रहालयाचे भूषण आहे, त्यांतल्या काही पाचव्या-सहाव्या शतकातल्या आहेत, आणि त्यांना कोणी बोट लावू नये हेच योग्य. परंतु अशा मूर्ती मेणाच्या आकृतीवरून कशा ओतल्या जात, ते मुलांना करून पाहता येईल: आधी मेणाची लहानशी आकृती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, माती सुकल्यावर तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे, आणि आत उरलेल्या पोकळीत कारागीर धातू ओततो ते लांब उभे राहून पाहायचे. साचा एकदाच वापरता येतो, फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, हे ज्याने आपला साचा फोडून अनुभवले त्याला त्या मूर्तीसमोर पुन्हा उभे केले, तर तो तिच्याकडे किती वेळ पाहील याचा विचार करावा.

मोडीचा एक दिवस असावा, अशी माझी स्वतःची हौस आहे. बडोदे संस्थानाच्या कारभारात मोडी कागदांचे केवढे दप्तर साठले, हे आपण जाणता. मुलांनी बोरू तिरपा छाटावा, शाई कालवावी, आधी ओळीभर रेघ ओढून घ्यावी आणि मग हात न उचलता अक्षरे त्या रेघेखाली लोंबकळत ठेवावीत. पहिल्या दिवशी कोणालाही वाचता येणार नाही, पण आपल्या पणजोबांचे घराचे खत आपल्याला वाचता येत नाही आणि ते का येत नाही, हे कळणे हाही इतिहासाचाच धडा आहे.

बाजाराचा दिवस मला त्याहूनही फलदायी वाटतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ रोजी. शेराला साडेतीन आणे दराने दीड शेर गूळ घेतला तर किती द्यायचे, हा प्रश्न तराजू, वजने आणि लाकडी किंवा पुठ्ठ्याची नाणी समोर ठेवून सोडवायला दिला की, आजोबा सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे, तोंडपाठ का म्हणत असत, याचा उलगडा होतो. उत्तर पाच आणे एक पैसा असे येते. माझ्या मुलीला ते काढायला कागद लागला, आणि शेजारच्या पंच्याऐंशी वर्षांच्या काकांनी ती प्रश्न पुरा करायच्या आत सांगितले.

तिसरी गोष्ट डभोईच्या गाडीची. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ साली डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लोहमार्ग वाट सुरू झाली, आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढीत. इंजिने नियमित धावू लागली ती १८७३ पासून. मुलांना हे सांगितले की ती हसतात. बैलच जोडायचे तर रूळ कशाला, असे विचारतात. त्यांच्यासमोर दोन लोखंडी पट्ट्या टाकाव्यात, एक लहान चाकगाडी विटांनी भरावी, ती आधी मुरमावरून आणि मग पट्ट्यांवरून ओढायला लावावी. उत्तर दोरीतच मिळते.

एक काळजी मात्र घ्यायला हवी, आणि ती कळकळीने लिहिते. बडोद्यात जुना काळ उभा करायचा म्हटले की सगळ्यांना दरबार सुचतो: फेटे, अंगरखे, चोपदार, हत्ती. मुलांना मिरवायला आवडते आणि पालकांना फोटो हवे असतात, आणि आम्ही पालक या मोहाला सर्वांत आधी बळी पडतो. पण दरबार झाडणारे, पाणी भरणारे, मशाली धरणारे, दिंडीबाहेर थांबवलेले लोकही त्याच काळात होते. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी या शहरात आले. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले, आणि मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास याच कमाटीबागेत काढले. संग्रहालयाच्या दारापासून ते ठिकाण चालत जाण्याइतके जवळ असताना, आमच्या मुलांनी फेटा बांधून घरी परत यावे आणि हे ऐकूच नये, असे होता कामा नये. मात्र हा प्रसंग कोणी वेष घालून वठवावा, असेही मला वाटत नाही. अमेरिकेतल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या वसाहतकाळातले शहर चालवून दाखवणाऱ्या संग्रहालयाने १९९४ साली गुलामांच्या लिलावाचा प्रवेश करून दाखवला तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला होता, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. माझे मत असे की जाते ओढून पाहावे, दुसऱ्याचा अपमान ओढून पाहू नये. तेथे बागेत बसावे, काय घडले ते शांतपणे सांगावे, आणि मुले विचारतील तितके प्रश्न विचारू द्यावेत. खुद्द सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणाऱ्या आणि ती शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्यात असे कसे घडले, हा प्रश्न माझ्या मुलीने मला विचारलेला आहे, आणि त्याचे पुरते उत्तर मला देता आलेले नाही.

आता, हे सगळे शाळेच्या मुलांसाठीही का नको, असे कोणी विचारील. जरूर व्हावे; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. परंतु शंभर मुलांची बस अकराला येते आणि साडेबाराला सुटते. तेवढ्यात प्रत्येकाच्या वाट्याला जात्याचा अर्धा फेरा येतो. आमची पंधरा-सतरा मुले मंगळवारी सकाळी येऊ शकतात, दुपारपर्यंत थांबू शकतात आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊ शकतात. सहा वर्षांचे आणि तेरा वर्षांचे मूल एकाच पाटावर बसते, थोरले धाकट्याला दाखवते. इयत्तेप्रमाणे वेगळे गट करण्याचा त्रास आपल्याला नाही. एखादी गोष्ट सुरू करून पाहायची, चुकली तर बदलायची, यासाठी लहान गट सोयीचा असतो, आणि आमच्यावर बसलेली घडी पुढे शाळांसाठी वापरता येईल.

आमचे दोषही सांगते. घरी शिकवणारे पालक वेळेला पक्के नसतात. मुलाला कंटाळा आला की त्याला उठवून नेतात, आणि शिकवणारा बोलत असताना मध्येच आपले ज्ञान पाजळतात, मीही त्यांतलीच. त्यासाठी नियम कडक असावेत: सहा बैठकींची माळ असेल तर सहाही बैठकींना यायचे, शुल्क आधी भरायचे, आणि पालकांनी मागे बसून गप्प राहायचे. जे हे पाळणार नाहीत त्यांना पुढच्या वेळी घेऊ नये. आमच्यातला कोणी तक्रार करणार नाही.

शिकवायला कोण, हा प्रश्न बडोद्यात तरी अवघड नसावा. १९५२ साली येथे संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि तेथे शिकणाऱ्या मुलामुलींना लोकांसमोर उभे राहण्याचा सराव हवाच असतो. एका सत्राचे प्रात्यक्षिक म्हणून हे काम धरता येईल का, याचा प्राध्यापक मंडळींनी विचार करावा. त्यांच्या जोडीला कारागीर हवेत: संखेड्याचे लाकडावर लाखेचे काम करणारे, कुंभार, टाकी लावणारा पाथरवट. त्यांना सन्मानाचे मानधन मिळावे, नुसती शाल आणि नारळ नको. भाषेचे म्हणाल तर गुजराती आणि मराठी दोन्ही चालवाव्यात. आमची मुले अंगणात गुजरातीत भांडतात आणि घरात मराठीत रडतात, तेव्हा त्यांची अडचण होणार नाही.

अर्जाच्या नमुन्यात फक्त शाळेच्या नावाचा रकाना ऐच्छिक करावा आणि शेजारी “घरी शिकतो / शिकते” अशी एक चौकट द्यावी. पहिला दिवस डिसेंबरात ठेवता आला तर उन्हाचा त्रास होणार नाही. आमचे जाते आम्ही देऊ. ते उचलायला चार माणसे लागतात आणि जिन्यावरून नेता येत नाही, म्हणून खोली तळमजल्यावरची असावी. ज्वारीही आम्हीच आणू.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
घरी शिकणाऱ्या दोन मुलांची आई,
दांडिया बाजार, बडोदे